पिवळ्या रेषेचा माग : नॉर्मन लॉकियर, हेलियम आणि विजयदुर्गाचे ग्रहण

एचएसआर लेआउट (बंगळुरू) : स्वयंपाकघरात भात उतू जातो, मिठाच्या पाण्याचे चार थेंब गॅसच्या निळ्या ज्योतीवर पडतात आणि ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. हा पिवळा रंग मिठातील सोडियमचा असतो. तापलेला सोडियमचा अणू प्रामुख्याने ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर या दोन तरंगलांबींचा प्रकाश बाहेर टाकतो. मीठ मालवणच्या मिठागरातले असो किंवा कच्छच्या रणातले, या दोन आकड्यांत फरक पडत नाही.

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव पडलेल्या एचएसआर लेआउटला लागूनच कोरमंगला आहे. तेथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा व्यवसाय हेच आकडे वाचण्याचा आहे. सूर्य आणि तारे कशाचे बनले आहेत, किती तापले आहेत, याचा निवाडा तेथे प्रकाशातील रेषांवरून केला जातो. ही विद्या ज्यांनी घडवली, त्यांत सर जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचे नाव अग्रभागी आहे. सोडियमच्या पिवळ्या जोडीच्या शेजारी, अवघ्या दीड नॅनोमीटरच्या आतल्या अंतरावर असलेली एक वेगळी पिवळी रेषा त्यांनी सोडियमची मानण्याचे नाकारले. त्या नकारातून पुढे हेलियम हे मूलद्रव्य जगाला माहीत झाले.

मराठी वाचकाला लॉकियर हे नाव विजयदुर्गामुळे परिचित आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील या जलदुर्गावर साहेबाचे कट्टे म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ रोजी लॉकियर यांनी याच चौथऱ्यांवर दुर्बिणी रोवून हेलियमचा शोध लावला, अशी आख्यायिका कोकणात रूढ आहे. अलीकडच्या काळात त्या तारखेला किल्ल्यावर हेलियमचा दिवसही साजरा होतो. लॉकियर विजयदुर्गावर आले होते, हे खरेच आहे. मात्र ते आले १८९८ च्या जानेवारीत. १८६८ च्या ऑगस्टमध्ये ते इंग्लंडमध्ये होते. या तीस वर्षांच्या अंतरात त्यांचे जवळजवळ सारे कर्तृत्व सामावलेले आहे.

लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. वडील वैद्यकीय व्यवसायात होते आणि त्यांना विज्ञानाची आवड होती. आईचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण खासगी शाळांत झाले, काही काळ युरोपात भाषा शिकण्यात गेला. विद्यापीठाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधी चढले नाहीत. १८५७ मध्ये ते लंडनच्या युद्ध कार्यालयात कारकून म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी विनिफ्रेड जेम्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विनिफ्रेड यांनी फ्रेंचमधील विज्ञानग्रंथांचे इंग्रजी अनुवाद केले आणि पतीच्या लेखनकार्यालाही हातभार लावला.

दिवसा कचेरीत फायली आणि रात्री घराच्या अंगणात दुर्बीण, असा लॉकियर यांचा क्रम सुरू झाला. त्यांनी सव्वासहा इंच व्यासाची दुर्बीण मिळवली. १८६२ मध्ये मंगळ पृथ्वीजवळ आला असता त्यांनी काढलेली त्याची रेखाचित्रे जाणकारांच्या पसंतीस उतरली. त्यांच्यापुढे पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती आणि संशोधनाचे वेतन तर नव्हतेच. त्या काळी इंग्लंडमध्ये विज्ञान हा बहुधा श्रीमंतांचा छंद असे. लॉकियर श्रीमंत नव्हते, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याला वळण देणारी ठरली.

त्याच सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे प्रकाशाची एक नवी भाषा उलगडली जात होती. सूर्यप्रकाश लोलकातून पसरवला असता सप्तरंगी पट्ट्यात असंख्य काळ्या रेषा दिसतात, हे योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये नोंदवले होते. त्यांपैकी ठळक रेषांना त्यांनी रोमन अक्षरे दिली. पिवळ्या भागातील जोडीला डी हे अक्षर मिळाले. या रेषांचा अर्थ लागण्यास मात्र चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. १८५९ आणि १८६० या वर्षांत गुस्टाव किर्खहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांनी दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्य तापवल्यावर स्वतःच्या ठरावीक तेजस्वी रेषा देते. त्या मूलद्रव्याची तुलनेने थंड वाफ मागून येणाऱ्या प्रखर प्रकाशातून नेमक्या त्याच तरंगलांबी शोषून घेते. ज्योतीत मीठ टाकल्यावर जेथे तेजस्वी पिवळी जोडी दिसते, तेथेच सूर्याच्या वर्णपटात काळी जोडी दिसते. म्हणजे सूर्याच्या वातावरणात सोडियम आहे, असा निष्कर्ष निघाला.

असे का घडते, याचे उत्तर त्या वेळी कोणापाशीच नव्हते. ते १९१३ मध्ये नील्स बोर यांच्या सिद्धान्ताने मिळू लागले. अणूतील इलेक्ट्रॉन ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच राहू शकतो, दोन पायऱ्यांच्या मध्ये त्याला जागा नसते. वरच्या पायरीवर चढताना त्या दोहोंमधील फरकाइतकी ऊर्जा असलेला प्रकाश तो शोषतो आणि खाली उतरताना तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश परत देतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या जिन्याच्या पायऱ्यांची उंची वेगळी असल्याने प्रत्येकाच्या रेषाही वेगळ्या असतात. लॉकियर यांच्या पिढीला या पायऱ्यांची कल्पना नव्हती. त्यांच्यापाशी केवळ रेषा होत्या आणि त्या अचूक मोजण्याची जिद्द होती.

१८६६ मध्ये लॉकियर यांनी आपल्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला आणि सूर्यावरील डागांचा प्रकाश तपासण्यास प्रारंभ केला. हे करत असताना त्यांच्या मनात एक विचार आला. खग्रास ग्रहणात चंद्रबिंबाच्या कडेला दिसणाऱ्या लालसर ज्वाला, ज्यांना आज सौरज्वाला म्हणतात, त्या ग्रहणाची वाट न पाहता एरवीही पाहता येतील काय? सूर्याभोवतीच्या आकाशाचा झगमगाट हा सर्व रंगांचा मिळून असतो. लोलकांच्या मालिकेने तो लांबवर पसरवला, तर फिका पडत जाईल. ज्वाला तप्त वायूच्या असतील, तर त्यांचा प्रकाश मात्र मोजक्या रेषांतच एकवटलेला असल्याने तो फिका पडणार नाही. पुरेसे पसरण केले की झगमगाट मावळेल आणि रेषा उठून दिसतील, असा हा सरळ तर्क होता.

लॉकियर यांचे पहिले उपकरण त्यासाठी दुबळे पडले. अधिक लोलकांच्या नव्या वर्णपटदर्शकासाठी रॉयल सोसायटीमार्फत सरकारी अनुदान मंजूर झाले. मात्र उपकरण तयार होण्यास विलंब होत गेला. दरम्यान एका मोठ्या खग्रास सूर्यग्रहणाचा दिवस जवळ आला. ग्रहणाचा पट्टा हिंदुस्थानावरून जाणार होता आणि लॉकियर लंडनमध्ये उपकरणाची वाट पाहत होते.

१८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणाने भारताचे नाव सौरभौतिकीच्या इतिहासात कायमचे कोरले. आंध्रातील गुंटूर येथे फ्रान्सचे पिएर जान्सन आणि भारतीय सर्वेक्षण खात्याचे मेजर टेनंट यांच्या तुकड्या होत्या. मछलीपट्टणम येथे मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन होते. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांच्या फटींतून सूर्य पाहत होते. युरेनस ग्रहाचे शोधक विल्यम हर्शेल यांचे ते नातू. या निरीक्षकांना ज्वालांच्या प्रकाशात सलग रंगपट्टा न दिसता सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाला तप्त वायूच्या आहेत, हे त्या दिवशी सिद्ध झाले. रेषांमध्ये हायड्रोजनच्या रेषा होत्या आणि एक पिवळसर नारिंगी रेषाही होती. ग्रहणाची खग्रास अवस्था काही मिनिटांचीच होती. तेवढ्या घाईत ती रेषा सोडियमची डी रेषा समजली जाणे स्वाभाविक होते. हर्शेल यांनीही तसेच मानले.

जान्सन यांना रेषा इतक्या झळाळताना दिसल्या की, त्या ग्रहणाविनाही दिसतील असे त्यांच्या मनाने घेतले. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी गुंटूरच्या भर उन्हात ते करून दाखवले. ही वार्ता त्यांनी पत्राने पॅरिसला कळवली. ते पत्र समुद्रमार्गे प्रवास करत असतानाच, १६ ऑक्टोबरला, लॉकियर यांचे उपकरण अखेर त्यांच्या हाती आले. चारच दिवसांनी, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, लंडनच्या उपनगरातील आपल्या घरी त्यांनाही सूर्याच्या कडेवर त्या तेजस्वी रेषा दिसल्या. जान्सन यांच्या यशाची त्यांना काहीही कल्पना नव्हती. दोघांचे अहवाल पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकीत सादर झाले. अग्रक्रमाचा वाद पेटण्याजोगी ही परिस्थिती होती. परंतु अकादमीने श्रेय दोघांना विभागून दिले. पुढे फ्रेंच सरकारने दोघांच्या मुखाकृती एकत्र कोरलेले पदक काढले. जान्सन आणि लॉकियर यांचा स्नेहही अखेरपर्यंत टिकला.

ग्रहणाच्या मोजक्या मिनिटांचे बंधन सुटल्यामुळे लॉकियर यांना आता हवा तेवढा वेळ मिळू लागला. सूर्याच्या तेजोगोलाला वेढणाऱ्या वायूच्या पातळ थराला त्यांनी क्रोमोस्फियर, म्हणजे वर्णावरण, हे नाव दिले. त्या थराच्या प्रकाशातील पिवळी रेषा ते पुन्हा पुन्हा मोजत राहिले. ती सोडियमच्या दोन्ही रेषांशी जुळत नव्हती. आजच्या मापाने तिची तरंगलांबी ५८७.६ नॅनोमीटर आहे. सोडियमची जवळची रेषा तिच्यापासून १.४ नॅनोमीटर दूर आहे. डी जोडीच्या शेजारची म्हणून तिला डी-तीन असे नाव मिळाले.

हे अंतर नगण्य मानून सोडून देणे सोपे होते. लॉकियर यांनी आधी दुसरी शक्यता तपासली. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासमवेत त्यांनी प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबांखाली आणि तापमानांत चाचपून पाहिला. वेगळ्या परिस्थितीत हायड्रोजनच ती पिवळी रेषा देतो काय, हा प्रश्न होता. रेषा मिळाली नाही. पृथ्वीवरील कोणत्याच ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. तेव्हा सूर्यावर एक अज्ञात मूलद्रव्य असावे, हा विचार पुढे आला. ग्रीक भाषेत सूर्याला हेलिओस म्हणतात, त्यावरून हेलियम हे नाव घडले. ते धातू असेल या समजुतीने नावाला धातूंसाठी रूढ असलेला प्रत्यय लागला. १८७१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात विल्यम थॉमसन यांनी या कल्पनेचा उल्लेख केला आणि नाव सर्वतोमुखी झाले.

ज्याचा एकही कण कोणी हाताळला नाही, अशा मूलद्रव्यावर रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास बसणे कठीण होते. एका रेषेच्या जागेवरून एवढा मोठा दावा करणे अनेकांना धाडसाचे वाटले. ही शंका पाव शतकाहून अधिक काळ रेंगाळली. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्झे यांनी लंडन येथे क्लेव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया केली. आरगॉन वायूच्या शोधात असताना त्यांना भलताच वायू मिळाला. त्याच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा होती. जे सूर्यावर ओळखले गेले, ते सत्तावीस वर्षांनी पृथ्वीवर सापडले. धातू म्हणून नाव मिळालेले हे मूलद्रव्य प्रत्यक्षात हलका आणि निष्क्रिय वायू निघाला. युरेनियमसारखी मूलद्रव्ये ऱ्हास पावताना हेलियम निर्माण होतो आणि खनिजात अडकून राहतो, हे त्यानंतर काही वर्षांत स्पष्ट झाले.

या दरम्यान लॉकियर यांचे आयुष्य पालटले होते. १८६९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला त्यांच्या संपादकत्वाखाली नेचर या साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. ते सुमारे पन्नास वर्षे त्याचे संपादक राहिले. आज जगभरातील संशोधक ज्या नियतकालिकात आपला निबंध यावा म्हणून धडपडतात, ते एका पदवी नसलेल्या सरकारी कारकुनाने सुरू केले, याची जाणीव फार थोड्यांना असते. विज्ञानशिक्षण आणि संशोधन यांचा विचार करण्यासाठी ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राजआयोगाचे ते सचिव होते. संशोधकाला राज्याने वेतन आणि साधने दिली पाहिजेत, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर मांडली. उपकरणासाठी ताटकळलेल्या त्या दोन वर्षांचा अनुभव त्यामागे असणार, हे उघड आहे. पुढे ते साउथ केन्सिंग्टन येथील सौरभौतिकी वेधशाळेचे प्रमुख आणि खगोलभौतिकीचे प्राध्यापक झाले.

भारताशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध १८७१ मध्ये आला. त्या वर्षी १२ डिसेंबरच्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी ब्रिटिश मोहिमेचे नेतृत्व केले आणि आजच्या केरळमधील बेकल किल्ल्यावर मुक्काम केला. तेथे त्यांनी वर्णपटदर्शकातील अरुंद फट काढून टाकून सूर्य पाहिला. ग्रहणात सूर्याची कडाच बांगडीसारखी उरते, त्यामुळे प्रत्येक तरंगलांबीची स्वतंत्र रंगीत कडी दिसते. ही कल्पना पुढे त्यांना विजयदुर्गावर उपयोगी पडणार होती.

दख्खनला होरपळून काढणाऱ्या १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाकडेही त्यांचे लक्ष वेधले गेले. सूर्यावरील डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राचा पावसाशी संबंध असेल, तर दुष्काळाचे भाकीत करता येईल, असे त्यांनी विल्यम हंटर यांच्यासमवेत १८७७ मध्ये लिहिले. हा संबंध त्यांनी मांडला त्या स्वरूपात टिकला नाही. परंतु सूर्याची दररोज नोंद ठेवली पाहिजे, हा त्यांचा आग्रह फळाला आला. १८७८ पासून डेहराडून येथे सूर्याची दैनंदिन छायाचित्रे घेतली जाऊ लागली. पुढे १८९९ मध्ये तमिळनाडूतील पळणी टेकड्यांवर कोडैकानल सौर वेधशाळा उभी राहिली. हीच वेधशाळा आज कोरमंगल्यातील संस्थेचा भाग आहे.

२२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून ईशान्येकडे जाणार होता. त्या वेळी मुंबई इलाखा प्लेगच्या साथीने ग्रासलेला होता. एकसष्ट वर्षांच्या लॉकियर यांनी आपल्या तुकडीसाठी विजयदुर्ग निवडला. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या या किल्ल्यापर्यंत अवजड उपकरणे जहाजाने आणता येत होती. नौदलाच्या मेल्पोमेनी या युद्धनौकेवरील अधिकारी आणि खलाशी त्यांच्या दिमतीला होते. कोणी वेळ मोजायची, कोणी छायाचित्राच्या काचा बदलायच्या, कोणी किरीटाची चित्रे काढायची, याची खलाशांकडून दिवसचे दिवस तालीम करून घेण्यात आली. आंग्र्यांच्या आरमाराचा बलाढ्य गड अशा रीतीने काही आठवडे वेधशाळा झाला. त्या दिवशी आकाश निरभ्र होते. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटे टिकली आणि तेवढ्यात छायाचित्रे मिळाली.

त्याच पट्ट्यात सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला यांची तुकडी होती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात वर्णपटशास्त्राची वेधशाळा उभारणारे ते पहिल्या पिढीतील भारतीय संशोधक. वऱ्हाडातील तळणी येथे जॉन एव्हरशेड होते, जे पुढे कोडैकानल वेधशाळेचे संचालक झाले. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणेही कोडैकानलला गेली.

या ग्रहणाच्या छायाचित्रांतून हाती आलेला एक निष्कर्ष लॉकियर यांच्या जीवनकथेत विशेष शोभून दिसतो. सूर्याच्या किरीटात एक हिरवी रेषा दिसते, हे १८६९ पासून माहीत होते. ती वर्णावरणातील ५३१.७ नॅनोमीटरच्या रेषेशी जुळते, असे तीन दशके मानले जात होते. १८९८ च्या छायाचित्रांची मोजणी झाल्यावर ती प्रत्यक्षात ५३०.३ नॅनोमीटरवर असल्याचे उघड झाले. येथेही फरक १.४ नॅनोमीटरचाच होता. हेलियम ज्या अंतराने सोडियमपासून वेगळा ओळखला गेला, तेवढ्याच अंतराने ही जुनी समजूत मोडीत निघाली.

मात्र या रेषेने शास्त्रज्ञांना चकवलेही. हेलियमचा अनुभव ताजा असल्याने ही हिरवी रेषाही एखाद्या नव्या मूलद्रव्याची असावी असे मानले गेले आणि त्याला कोरोनियम हे नाव मिळाले. असे मूलद्रव्य अस्तित्वातच नाही. वाल्टर ग्रोट्रियान आणि बेंग्ट एडलेन यांच्या कार्यातून १९४० च्या आसपास कळले की, ती रेषा साध्या लोखंडाची आहे. त्या लोखंडाच्या अणूने आपल्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी १३ गमावलेले असतात. असे होण्यासाठी तापमान दहा लाख अंशांहून अधिक असावे लागते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सियसचा असताना त्याचा किरीट इतका तप्त का, हा प्रश्न तेव्हापासून विज्ञानापुढे उभा आहे.

अणू मोडतो ही कल्पना लॉकियर यांनी फार आधी मांडली होती, हा यातील विलक्षण भाग आहे. कॅल्शियमचे वाफेतील अणू प्रयोगशाळेच्या साध्या ज्योतीत ४२२.७ नॅनोमीटरची रेषा ठळकपणे देतात. सूर्याच्या वर्णपटात मात्र ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरच्या रेषा प्रबळ असतात. विद्युत ठिणगीतही याच रेषांना जोर येतो. यावरून लॉकियर यांनी १८७० च्या दशकात असा निष्कर्ष काढला की, अतितप्त अवस्थेत मूलद्रव्येही अधिक साध्या घटकांत विघटित होतात. अशा घटकांना त्यांनी आद्य-कॅल्शियम, आद्य-लोह या अर्थाची नावे दिली. अणू अविभाज्य मानणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी हे मत धुडकावून लावले. लॉकियर यांचे अनेक पुरावेही नमुन्यातील भेसळीमुळे फसले होते. त्यांनी टीकेला जुमानले नाही. अखेरच्या दशकांत ते या मताच्या बाबतीत एकाकी पडले. रेषांचे निरीक्षण बिनचूक होते, परंतु त्यांचा अर्थ त्यांच्या हाती पुरता लागला नव्हता.

१८९७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. साउथ केन्सिंग्टनची वेधशाळा केंब्रिजला हलवण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांनी डेव्हन परगण्यातील सिडमथजवळच्या टेकडीवर नवी वेधशाळा उभारली. तेथेच सॅलकम रेजिस येथे १६ ऑगस्ट १९२० रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९२० च्या ऑक्टोबरमध्ये, लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये सूर्याच्या वर्णावरणातील आयनीभवनावरील एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते कलकत्ता विद्यापीठातील २६ वर्षांचे अध्यापक मेघनाद साहा. तापमान वाढले आणि दाब कमी झाला की अणूतून इलेक्ट्रॉन सुटतो आणि उरलेला आयन वेगळ्याच रेषा देतो, हे साहांनी गणिताने दाखवले. लॉकियर यांचा आद्य-कॅल्शियम म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला कॅल्शियम होता. ठिणगीत जोर धरणाऱ्या रेषांचे जे कोडे लॉकियर यांनी चाळीस वर्षे सांभाळले, ते कलकत्त्यात सुटले. त्यानंतर साहा लंडनला गेले, तेव्हा त्यांनी आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत काम केले. फाउलर हे लॉकियर यांचेच शिष्य आणि दीर्घकाळचे सहकारी. साहा समीकरण आज खगोलभौतिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. ताऱ्याच्या रेषांवरून त्याचे तापमान वाचण्याची किल्ली त्यातून मिळाली.

२ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेल्या आदित्य-एल१ यानावर सूर्याच्या किरीटाचा वेध घेणारे एक उपकरण आहे. ते एचएसआर लेआउटच्या शेजारच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने विकसित केले. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर राहून सूर्याचा तेजोगोल कृत्रिमरीत्या झाकणारे हे उपकरण ज्या रेषांवर रोखलेले आहे, त्यांतील एक आहे ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषा. हिची जागा १८९८ च्या ग्रहणात निश्चित झाली. त्या ग्रहणाने विजयदुर्गाला दोन मिनिटे दिली होती. या यानाला ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही.

विजयदुर्गावरील चौथरे आजही समुद्राच्या वाऱ्यात उभे आहेत. हेलियम तेथे सापडला नाही, म्हणून त्यांचे मोल उणे होत नाही. हेलियमची कथा गुंटूर, जमखंडी आणि लंडन यांच्यात वाटली गेली आहे. विजयदुर्गाच्या वाट्याला आलेली हिरव्या रेषेची कथा अधिक दुर्मीळ आहे आणि ती अद्याप पूर्ण झालेली नाही. किल्ल्यावर एखादा फलक लागेल, तेव्हा त्यावर १८ ऑगस्ट १८६८ ऐवजी २२ जानेवारी १८९८ ही तारीख असावी. शेजारच्या रेषेला सोडियमची रेषा म्हणण्यास ज्यांनी नकार दिला, त्या लॉकियर यांच्या नावावर चुकीची तारीख शोभत नाही.